घरच्या रीफ टँकमध्ये जायंट क्लॅम: निवडीपासून रोजच्या निगराणीपर्यंत

जायंट क्लॅम, म्हणजे प्रवाळ खडकांवर राहणारा मोठा शिंपला, ठेवायचं मनात आलं की लोक सगळ्यात आधी दिव्यांची चौकशी करतात. दिवा लागतोच, पण मी आधी वेगळंच विचारतो: तुमच्या टाकीची अल्कलिनिटी (कवच बनवायला लागणाऱ्या कार्बोनेट क्षारांचं पाण्यातलं प्रमाण) गेल्या महिनाभरात किती वर-खाली झाली? ज्याला हा आकडा लगेच सांगता येतो, त्याच्याकडे क्लॅम बहुधा टिकतो. समुद्रात हा प्राणी कित्येक दशकं जगतो, पण तिथलं पाणी रोज तेच असतं. घरच्या टाकीतलं पाणी पालटायला एक दिवस पुरतो, आणि तेच त्याला सोसत नाही.

मी अमेरिकेत राहतो आणि इथे मिळणाऱ्या सोयी धरून लिहितोय. भारतातल्या वाचकांनी आधी कायद्याचा भाग वाचावा.

कायदा आणि क्लॅम कुठून घ्यायचा

ट्रायडॅक्ना मॅक्झिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस या जाती भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. कठीण सांगाड्याची प्रवाळंही त्याच अनुसूचीत येतात. लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या प्रवाळ खडकांवर हे क्लॅम आजही आहेत आणि ते तिथेच राहायला हवेत. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या दुकानदाराने ‘बाहेरून आलेला आहे, काही होत नाही’ असं सांगितलं तरी घेऊ नका. समुद्री टाकीची हौस असेल तर भारतात क्लाउनफिशसारखे पैदास केंद्रातले मासे ठेवता येतात, आणि तेही कमी समाधान देत नाहीत.

परदेशात राहणाऱ्यांसाठीही नियम आहेत. जायंट क्लॅमचं सगळं कुळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे एका देशातून दुसऱ्या देशात न्यायला परवाना लागतो. रिकाम्या कवचालाही तो लागतो, म्हणून सुट्टीवर भारतात येताना शोभेचं कवच सामानात टाकू नका. अमेरिकेत नोआ या सरकारी संस्थेने जुलै २०२४ मध्ये अनेक जातींना संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. खरेदीच्या दिवशी नियम काय आहे ते पाहूनच पैसे द्या.

शेतीतलाच क्लॅम घ्या, हा माझा आग्रह आहे. पलाऊच्या मालाकाल बेटावरच्या सागरी संवर्धन केंद्रात १९८० च्या दशकात डेरासा या जातीची पिल्लं मोठ्या संख्येने वाढवण्याचं तंत्र बसलं, आणि पुढे पॅसिफिकमधल्या इतर बेटांवरही अशी शेती उभी राहिली. शेतीतला क्लॅम लहानपणापासून उथळ हौदात वाढलेला असतो. समुद्रातून उपटलेल्या क्लॅमचा पाय (तळाचा मांसल अवयव) बऱ्याचदा दुखावलेला असतो आणि तो आठवड्याभरात दगावतो. विक्रेत्याला उगमाचं ठिकाण विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

कोणती जात

पहिल्यांदा ठेवणार असाल तर डेरासा. मँटलवर (कवचाबाहेर पसरणाऱ्या रंगीत मांसल पडद्यावर) सोनेरी-तपकिरी पट्टे, निळी किनार, आणि चुका पोटात घालण्याची ताकद इतर जातींपेक्षा जास्त. त्याला थोडा कमी प्रकाशही चालतो. मात्र तो झपाट्याने वाढतो. समुद्रात ६० सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणून टाकी निदान ४०० लिटरची हवी.

स्क्वामोसा हा दुसरा चांगला पर्याय. त्याच्या कवचावर खवल्यांसारख्या पाकळ्यांच्या रांगा असतात आणि तो ४० सेंटिमीटरच्या आसपास थांबतो.

दुकानात नजर खिळते ती मॅक्झिमा आणि क्रोशियावर. मँटलमधल्या खास पेशी प्रकाश विखुरतात आणि त्यातून ते झगझगीत निळे-जांभळे रंग दिसतात. या दोन्ही जातींना भरपूर प्रकाश लागतो, त्या खडकाला घट्ट चिकटून राहतात आणि पाण्यातली गडबड त्यांना लवकर बाधते. क्रोशिया १५ सेंटिमीटरपर्यंतच वाढतो, म्हणून लहान टाकीवाले तो घेतात; पण लहान टाकीतच पाणी सगळ्यात जास्त हेलकावे खातं. एखादा डेरासा वर्षभर नीट सांभाळल्याशिवाय मॅक्झिमाकडे वळू नका.

गिगास, म्हणजे एक मीटरहून मोठा आणि दोनशे किलोच्या पुढे जाणारा, घरच्या टाकीचा प्राणी नाही.

टाकी तयार आहे का

टाकी सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावेत, वर्ष झालं असेल तर उत्तम. लाइव्ह रॉकवर, म्हणजे टाकीतल्या जिवाणू वसलेल्या खडकावर, गुलाबी-जांभळा कॅल्शियमी शैवाल पसरू लागला आणि कठीण प्रवाळं वाढताना दिसू लागली की टाकी क्लॅमसाठी तयार समजा. ज्या टाकीत माशांवर तांब्याचं औषध केलं असेल ती वापरू नका. कणाहीन प्राण्यांना तांबं थोडंसंही घातक असतं, आणि खडकात-वाळूत मुरलेलं तांबं पुढे बराच काळ पाण्यात उतरत राहतं.

उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी घालणारं ऑटो टॉप-ऑफ यंत्र आणि हीटरवर स्वतंत्र नियंत्रक या दोन वस्तू क्लॅमच्या आधी घ्या. पाणी आरओ-डीआयचंच, म्हणजे गाळून सगळे क्षार काढलेलं.

प्रकाश

क्लॅमच्या मँटलमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहतात. ते प्रकाशावर साखर बनवतात आणि तिचा मोठा वाटा क्लॅमला मिळतो. प्रकाश कमी पडला तर तो काही महिने साठ्यावर तग धरतो, वरून ठीक दिसतो आणि मग एकाएकी जातो. ‘सहा महिने छान होता, अचानक मेला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

प्रकाश डोळ्यांनी मोजता येत नाही. आपल्या डोळ्यांना निळा प्रकाश मंद वाटतो, शैवालाला मात्र तो चांगला उपयोगी पडतो. म्हणून पार मीटर वापरा. शैवालाच्या कामाचा प्रकाश किती पडतोय ते तो सांगतो. विकत घेणं महाग पडतं, पण इथले बरेच रीफ क्लब आणि काही दुकानं मीटर भाड्याने देतात. क्लॅम जिथे ठेवणार नेमक्या त्या जागी, पाण्याखाली मोजा. डेरासा-स्क्वामोसाला २०० ते ३००, मॅक्झिमा-क्रोशियाला ३०० ते ४५० इतका पार असू द्या. पूर्ण प्रकाश दिवसाला आठ ते दहा तास पुरतो.

एलईडी असो, टी-फाइव्ह असो की मेटल हॅलाइड, मीटरवरचा आकडा योग्य असेल तर तिन्हीखाली क्लॅम वाढतो. एकाच एलईडीखाली मात्र कडक सावल्या पडतात आणि मँटलचा एक भाग अंधारात राहतो. दोन बाजूंनी प्रकाश येईल अशी सोय करा.

पाणी

तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस, सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्षात तेवढे भाग), मॅग्नेशियम १२८० ते १३५० पीपीएम. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. हे आकडे कुठल्याही रीफ टँकचे असतात तेच आहेत. फरक इतकाच की क्लॅम घरात आला की ते जागेवर ठेवण्याची मेहनत वाढते, कारण वाढतं कवच अल्कलिनिटी आणि कॅल्शियम सतत ओढतं.

किती ओढतं ते असं काढा. एक आठवडा रोज ठरलेल्या वेळी अल्कलिनिटी मोजा. समजा आज ८.५ आहे आणि काही न घालता उद्या ७.९ झाली, तर टाकीचा रोजचा खप ०.६ डीकेएच. कवच बनताना अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने उतरतं, म्हणजे या खपात कॅल्शियम जेमतेम ४ पीपीएम हललं. घरगुती चाचणी संचाला एवढा फरक दिसत नाही. त्यामुळे रोज अल्कलिनिटीवर लक्ष ठेवायचं आणि कॅल्शियम आठवड्यातून एकदा तपासायचं. खप कळला की तेवढी मात्रा डोसिंग पंपाने दिवसभरात थोडी थोडी द्या. सकाळी एकदम ओतलेल्या डोसने आकडा जागेवर येतो खरा, पण क्लॅमला रोज तो झटका बसतो. लहान टाकीला टॉप-ऑफच्या पाण्यातून कॅल्कवासर (चुन्याची निवळी) देणंही पुरतं.

क्लॅम आणला की डोस लगेच वाढवू नका. प्रवासाने थकलेला क्लॅम सुरुवातीला फारसा वाढत नाही. खप वाढलेला दिसला की मगच मात्रा वाढवा.

पोषकद्रव्यांबाबत बऱ्याच जणांची समजूत उलटी असते. क्लॅम पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेतो, त्याच्या शैवालाला ते लागतं. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि फॉस्फेट शोषक लावून पाणी धुवून काढलेल्या टाकीत क्लॅम फिका पडत जातो. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. शून्य आलं तर मासे वाढवा किंवा त्यांचं खाणं वाढवा.

दुकानात काय पाहायचं

काचेसमोर उभे राहा आणि हाताची सावली क्लॅमवरून सरकवा. मँटलच्या कडेने शेकडो बारीक डोळे असतात. निरोगी क्लॅम सावली पडताच चटकन आक्रसतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पसरतो. आळसावून अर्धवट मिटणारा नको. मँटल कवचाच्या कडेबाहेर आलेलं असावं. पाणी आत घेणारा सायफन म्हणजे मधली लांबट फट. ती आ वासून उघडी असेल आणि आतले कल्ले दिसत असतील तर तो क्लॅम जवळजवळ संपलेला आहे. कवचाच्या कडेला स्वच्छ पांढरी नवी पट्टी दिसली तर तो वाढतोय. मँटलचा मधला भाग पांढरा पडला असेल तर शैवाल गेलेला आहे.

मग दुकानदाराला तो उचलून तळ दाखवायला सांगा. कवचाच्या सांध्याजवळच्या छिद्रातून पाय आणि खडकाला चिकटून राहण्याचे बिसस नावाचे धागे बाहेर येतात. तिथे फाटलेलं मांस लोंबत असेल तर घेऊ नका. तो काचेला किंवा खडकाला चिकटलेला असेल आणि कुणी ओढून काढू लागलं तर थांबवा. धागे ओढले की मुळाशी असलेली ग्रंथी उपटते आणि तिथून क्लॅम सावरत नाही. पातळ पातं खडकाला चिकटवून धागे खालच्या टोकाला कापायचे. धागे तो पुन्हा बनवतो.

आठ-दहा सेंटिमीटरचा क्लॅम घ्या. पाच सेंटिमीटरखालचे स्वस्त असतात, पण त्यांच्याजवळ साठा नसतो.

घरी आणल्यावर

पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवा. नंतर क्लॅम भांड्यात काढून नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी पाऊण तास सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. याच वेळी मऊ टूथब्रशने संपूर्ण कवच घासा, पाकळ्यांच्या खालच्या बाजूसुद्धा. मांसाला ब्रश लागू द्यायचा नाही. प्रवाळांना देतात ती कीटकनाशक डिप (औषधी पाण्यातली बुडी) क्लॅमला देऊ नका.

जमलं तर महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा, पण तिथेही चांगला प्रकाश हवा. अंधाऱ्या क्वारंटाइनने क्लॅम जास्त खचतो. टाकीत सोडताना पाण्याखाली हलकेच थोडा कलवा, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाईल.

पहिले दोन-तीन आठवडे सगळ्या जाती वाळूवरच, दिवे साधारण ६० टक्क्यांवर. मग हळूहळू वाढवा. प्रत्येकाखाली एक चपटा दगड ठेवा. तो त्यालाच चिकटतो, आणि पुढे जागा बदलायची झाली तर दगडासकट उचलता येतो, धागे कापावे लागत नाहीत. तळातून येणारे किडेही त्यामुळे लांब राहतात. डेरासा आणि स्क्वामोसा कायम वाळूवरच ठेवा. मॅक्झिमा आणि क्रोशिया पुढे खडकावर न्यायचे. खोबणीत घट्ट खोचू नका, कवच पूर्ण उघडायला आणि वाढायला मोकळीक लागते.

प्रवाह मध्यम असावा. मँटलची कड संथपणे हलली तर बरोबर. ती उलटी दुमडत असेल, किंवा पंपाची धार थेट सायफनमध्ये जात असेल, तर पंप वळवा. आणि एकदा जागा ठरली की तिथून हलवू नका. आज इथे, उद्या तिथे असं केल्याने क्लॅम कुठेच बसत नाही.

खाऊ घालायचं का

क्लॅम पाणी गाळूनही खातो, आणि लहानपणी जास्त. गिगासवरच्या १९९० च्या दशकातल्या एका अभ्यासात सुमारे ४ सेंटिमीटरच्या पिल्लांना लागणाऱ्या कार्बनपैकी ६५ टक्के गाळलेल्या अन्नातून येत होता, तर सुमारे १७ सेंटिमीटरच्या क्लॅममध्ये ३४ टक्के. मासे असलेल्या टाकीत आठ-दहा सेंटिमीटरच्या क्लॅमला वेगळं काही द्यावं लागत नाही, असं माझं मत आहे. त्याहून लहान असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा जिवंत फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल) घाला. सायफनमध्ये पिचकारीने अन्न मारणं टाळा. त्याने तो नुसता मिटतो.

शेजारी

मोठे आणि बुटके दोन्ही प्रकारचे एंजलफिश, बटरफ्लायफिश, ट्रिगर आणि पफर मँटल कुरतडतात. बुटका एंजल काही महिने नीट वागतो आणि नंतर एक दिवस सुरू करतो, म्हणून त्याच्या चांगल्या वागण्यावर भिस्त ठेवू नका. टँग, क्रोमिस, गोबी, क्लाउनफिश चालतात. क्लाउनने क्लॅमलाच घर मानलं आणि तो सतत मिटून राहू लागला तर दोघांपैकी एकाला हलवावं लागतं. टॉर्च, हॅमरसारखी लांब हातांची प्रवाळं वीतभर दूर ठेवा. एप्टेशिया हा उपद्रवी समुद्रफूल दिसला की लगेच काढा. त्याच्या डंखाने मँटल त्या जागी आक्रसलेलं राहतं.

रोग आणि कीड

नवा क्लॅम दिवसा बरा दिसतोय पण मँटल रोज थोडं कमी पसरतंय, असं वाटलं तर दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल टॉर्च घेऊन बसा. कवचाची वरची कड आणि तळाचं छिद्र पाहा. तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या, टोकदार गोगलगाई ओळीने बसलेल्या दिसल्या तर त्या पिरॅमिड गोगलगाई. सोंड खुपसून त्या क्लॅमचा रस शोषतात. दिवसा पाकळ्यांखाली लपतात, त्यामुळे ऐन दुपारी कवच स्वच्छ दिसतं. क्लॅम बाहेर काढून टाकीच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ब्रशने घासा. कवचावर पारदर्शक जेलीचे बारीक ठिपके असतील तर ती त्यांची अंडी, तीही खरवडा. दर तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहा आणि सलग काही आठवडे एकही सापडेना तोवर थांबू नका. सिक्स-लाइन रॅस किंवा हॅलिकोरिस जातीचा रॅस मासा त्या थोड्याफार खातो, पण नुसता त्याच्यावर विसंबून भागत नाही.

मँटलची कड एखाद्या ठिकाणी चिमटीत धरल्यासारखी ओढलेली दिसत असेल आणि तो भाग रोज वाढत असेल, तर ती पिंच्ड मँटल नावाची व्याधी. इथले जाणकार यावर गोड्या पाण्याची डिप देतात: आरओ-डीआय पाणी टाकीच्याच तापमानाला आणून, खाण्याच्या सोड्याने पीएच जुळवून, त्यात क्लॅम वीस ते तीस मिनिटं. लवकर केलं तर गुण येतो. टाकीत दुसरे क्लॅम असतील तर त्यांनाही त्याच दिवशी द्या.

तापमान २९-३० अंशांवर गेलं की शैवाल बाहेर टाकला जातो आणि मँटल मधून पांढरं पडत जातं. अशा वेळी पाणी हळूहळू थंड करा, प्रकाश थोडा कमी करा आणि नायट्रेट शून्यावर येऊ देऊ नका. मध्यभागी रंग परतायला महिने लागतात, पण परततो.

मोठा क्लॅम कधी कधी टाकीत बीजं सोडतो. आधी शुक्राणू, मग अंडी, आणि पाणी दुधाळ होतं. धोका ऑक्सिजन उतरण्याचा आणि नंतर अमोनिया चढण्याचा. हवेचा पंप लावा, स्किमर जोरात चालवा, पाणी शुद्ध करणारा ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि क्लॅम वेगळ्या बादलीत काढून पाणी बदला.

भारतात सुट्टीवर जाताना

परदेशातल्या मराठी घरांत दरवर्षी किंवा वर्षाआड तीन-चार आठवड्यांची भारतवारी असते, आणि क्लॅम दगावण्याचे पुष्कळ प्रसंग तेव्हाच येतात. निघण्याच्या आधीच्या महिन्यात नवा मासा, नवा दिवा, नवं खत असं काहीही करू नका. डोसिंगची भांडी पूर्ण मुक्काम पुरून वर आठवडाभर उरतील एवढी मोठी घ्या आणि घरात असतानाच तेवढे दिवस चालवून पाहा. टॉप-ऑफचं पाणी संपलं तर खारेपणा चढतो, म्हणून शेजाऱ्याला हेच काम सगळ्यात आधी समजावून सांगा. माशांचं खाणं रोजच्या पुड्या करून ठेवा, नाहीतर प्रेमाने डबल वाढलं जातं.

शेजाऱ्याला रोज दुपारी, दिवे पूर्ण लागलेले असताना, क्लॅमचा एक फोटो एकाच कोनातून काढून पाठवायला सांगा. मँटल कालच्या एवढं पसरलंय की नाही ते तुम्हाला पुण्यात किंवा रत्नागिरीत बसून कळतं. हात न घालता वरून सावली पाडून पाहायलाही शिकवा. सावलीने तो मिटलाच नाही आणि मांस कवचापासून सुटलेलं दिसलं, तर दगडासकट उचलून बादलीत काढायचा, टाकीत ताजा कार्बन घालायचा आणि तयार करून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने एक चतुर्थांश पाणी बदलायचं. ते पाणी निघण्याआधी डब्यांत भरून, तारीख लिहून, टाकीशेजारी ठेवा.